मंत्रिमहोदय, मुशीचं अंडं ६१ दिवसांत फुटत नाही

सन्माननीय मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

मे महिन्यात बंदरावरच्या सभेत आपण शब्द दिलात की १ ऑगस्टला पहिली बोट सुटण्याआधी प्रत्येक ट्रॉल जाळ्याचा (समुद्राचा तळ खरवडत ओढायच्या जाळ्याचा) आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, मोजला जाईल. बोटी सुटल्या. पट्टी घेऊन कोणी फिरकलं नाही.

सभेनंतर आपण बोटं चाटत जेवलात ते मोरीचं मटण. मोरी म्हणजे मुशी, म्हणजेच शार्क. तिच्यातली तळाशी राहणारी लहान जात बांबू शार्क, साधारण पाऊण मीटरची. दिवसा खडकाच्या कपारीत, रात्री नाकाजवळच्या मिशांनी चाचपत खेकडे, कोळंबी, बारीक मासे शोधते. पडल्या पडल्या तोंडाने पाणी ओढून श्वास घेते, त्यामुळे सतत पोहायची गरज नाही. पळणं हिच्या स्वभावात नाही. ट्रॉल आला की जागच्या जागी सापडते.

आणि ही अंडी घालते, चामड्यासारख्या पाकिटात, तळाला चिकटवून. टाकीत पाळलेल्या अरबी बांबू शार्कची अंडी फुटायला ७० ते ८० दिवस लागले. आपली पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. चौथीतल्या पोरालाही जमेल ही वजाबाकी. हिच्याच भावकीतल्या एका जातीचं पिल्लू शत्रूची विद्युत चाहूल लागताच अंड्यातच श्वास रोखतं. ट्रॉलचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळीपुढे श्वास रोखून काय होणार? फार तर आपल्या खात्याच्या उत्तराची वाट बघता येईल.

नियमात ४० मि.मी. चौकोनी आस उगाच सांगितलेला नाही. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो. वीतभरही नसलेलं पिल्लू निसटू शकतं. पण जाळ्याच्या टोकाला मासळी साठते त्या पिशवीच्या आत दुसरं बारीक जाळं शिवलं की सगळं फुकट. म्हणून पिशवी उलटी करून, आतून बघा. खडकाळ पट्ट्यात ऑगस्टअखेरपर्यंत ट्रॉल नको. जाळं वर आलं की निवडीआधी मुशी उचलून सोडा. पाण्याबाहेर ती बराच वेळ तग धरते.

होडीवाल्याच्या जाळ्यात दोन मुशी दिसल्या की संवर्धनाचं प्रवचन, आणि तळ खरवडणाऱ्याला डिझेलची सवलत! महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, नव्या मोजणीत म्हणे त्याहून लांब. लांबी वाढली, गस्त कुठे वाढली? सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, सरकारं किती आली नि गेली, आस मोजायचा मात्र राहिलाच.

पट्टी आमच्याकडे आहे. माणूस तेवढा पाठवा. या खेपेला मटण मिळणार नाही.

कळावे,
किनाऱ्यावरचे होडीवाले