शोधनिबंधासोबत समीक्षकांचे अहवालही मागवा

संपादक महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य संशोधन नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हापासून शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत एकच प्रश्न कानावर येतो : आता कोणत्या यादीतले नियतकालिक चालेल? यादी आता नाही. आयोगाने सूचक निकष दिले आणि पारख संस्थांवर सोपवली. छाननी समित्या मात्र अजून मुखपृष्ठाची झेरॉक्स, आयएसएसएन क्रमांक आणि प्रमाणपत्र यांवरच समाधान मानतात. आमची मागणी साधी आहे. प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या फाइलीत प्रत्येक निबंधामागे समीक्षकांचे, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, अहवाल आणि लेखकाने त्यांना दिलेले लेखी उत्तर जोडणे सक्तीचे करावे.

आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ स्थानांचा ओळखक्रमांक आहे आणि तो विनामूल्य मिळतो. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून तिचे ब्रेक लागतात असे कोणी म्हणत नाही. याद्यांच्या भरवशावर राहण्याचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या विश्लेषणात, विद्यापीठांनी सुचवल्यामुळे तेव्हाच्या मान्य यादीत शिरलेली १,००९ नियतकालिके तपासली होती. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षीच्या आयोगाच्या नियमावलीत शिक्षणशास्त्रातील एका निबंधाला १० संशोधन-गुण आहेत. मागणी अशी असली की पुरवठाही तसाच होतो. चर्चासत्राच्या सकाळी नोंदणीच्या पिशवीत पेन, वही आणि छापील विशेषांक एकत्रच हाती पडतो. त्यातल्या शे-दीडशे निबंधांची समीक्षा कोणी, कधी केली, हे विचारायचे नसते.

खरी प्रक्रिया कशी चालते, हे समित्यांवरील सर्वांना ठाऊक असतेच असे नाही, म्हणून थोडे तपशिलात.

निबंध दोन फाइलींत पाठवायचा असतो. पहिलीत शीर्षक, लेखकांची नावे, संस्था, संपर्क आणि ऋणनिर्देश. दुसरीत, समीक्षकाला लेखक कळू नये म्हणून, नावाचा मागमूस नसलेला मजकूर. ही दुसरी फाइल बहुतेकांची कच्ची असते. नाव पुसलेले असते, पण वर्डच्या फाइलीच्या माहितीत 'लेखक' म्हणून ते तसेच राहते. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवल्याशिवाय जात नाही. 'आमच्या महाविद्यालयाच्या सराव पाठशाळेत' असे वाक्य किंवा परिशिष्टातले मुख्याध्यापकांच्या शिक्क्याचे परवानगीपत्रही लेखकाची ओळख उघड करते. 'आम्ही याआधी दाखवल्याप्रमाणे' असे लिहून स्वतःचाच संदर्भ दिला तरी तेच.

मराठी निबंधांची एक वेगळी अडचण आहे, ती टंकाची. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. अशी फाइल इतरांच्या लेखनाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली की त्याला काही बोध होत नाही आणि अहवालात साम्य जवळपास शून्य येते. लेखक तो अहवाल अभिमानाने जोडतो, समितीही मान डोलावते. मजकूर युनिकोडमध्येच मागवावा. रूपांतर केले असेल तर रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्या' डोळ्यांनी तपासावेत. तिथे हमखास मोडतोड होते. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर खपवला तर युनिकोडमध्येही सॉफ्टवेअर सहसा गप्प बसते. ते विषय जाणणाऱ्या समीक्षकालाच कळते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, याचा अर्थ ९ टक्के निर्धोक असा नव्हे. ते नऊ टक्के एकाच लेखातून सलग उचललेले असू शकतात. आकडा पाहून थांबू नये, अहवालात रंगवलेले परिच्छेद वाचावेत.

संपादकाच्या पहिल्या चाळणीतून निबंध पुढे गेला की समीक्षक काय पकडतो, ते पाहू. शिक्षणशास्त्रातला नेहमीचा आराखडा असा : आठवीची 'अ' तुकडी प्रायोगिक, 'ब' तुकडी नियंत्रित (तुलनेसाठीची), पूर्वचाचणी, पंधरा दिवस नवी अध्यापनपद्धती, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारा आकडा), 'पद्धत परिणामकारक आहे'. न्यादर्श, म्हणजे अभ्यासासाठी घेतलेले विद्यार्थी, यांची निवड 'यादृच्छिक' (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) असल्याचे लिहिलेले असते. प्रत्यक्षात तुकड्या शाळेने आधीच पाडलेल्या असतात आणि अनेकदा 'अ' तुकडी सेमी-इंग्रजीची असते. म्हणजे फरक पद्धतीचा की मुलांच्या निवडीचा, हे सांगताच येत नाही. पूर्वचाचणीतच 'अ' पुढे असेल तर केवळ उत्तरचाचणीच्या टी-मूल्याने भागत नाही, निदान अँकोव्हा (सुरुवातीचा फरक हिशेबात धरून गटांची तुलना करणारी पद्धत) हवी. एकाच वर्गातली चाळीस मुले एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यामुळे ती चाळीस स्वतंत्र निरीक्षणे धरणे मुळातच लंगडे आहे. चाचणी संशोधकानेच काढलेली असते आणि तिच्यातली उदाहरणे नव्या पद्धतीच्या तासाला सोडवून घेतलेली असतात. विश्वसनीयता कशी काढली, त्याचा पत्ता नसतो.

आकड्यांची मांडणी हा वेगळाच प्रकार. सॉफ्टवेअर पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) .००० छापते म्हणून निबंधातही .००० येते; ते '.००१ पेक्षा कमी' असे लिहायला हवे. शून्य परिकल्पना (गटांत फरक नाही हे गृहीतक) 'स्वीकारली' जाते. खरे तर ती फेटाळता आली नाही, एवढेच म्हणता येते. २५ गुणांच्या चाचणीत सरासरी १४ ची १६ झाली असेल तर वर्गाच्या दृष्टीने तो बदल केवढा, हे परिणाम-आकारावरून कळते, आणि नेमका तोच दिलेला नसतो. अध्यापनपद्धतीवरच्या निबंधात ती पद्धत वर्गात कशी राबवली, किती तासिका घेतल्या, नियंत्रित गटाला त्या काळात काय शिकवले, हे दोन ओळींत उरकलेले असते. दुसऱ्या शिक्षकाला तो प्रयोग करून पाहायचा असेल तर त्याने काय करावे? पालकांची संमती घेतली की नाही, तेही शोधावे लागते.

समीक्षेचा दर्जाही अहवालातच दिसतो. 'भाषा सुधारावी', 'संबंधित साहित्याचा आढावा वाढवावा' असे शेरे कोणत्याही निबंधावर, तो न वाचताही मारता येतात. 'तक्ता ३ मध्ये स्वातंत्र्यमात्रा (विद्यार्थिसंख्या वजा गटसंख्या) ७८ आहे, म्हणजे दोन गट मिळून विद्यार्थी ८०. न्यादर्श मात्र ७६ लिहिला आहे, वरचे चार कोण?' ही समीक्षा. तिला निदान अर्धा दिवस बसावे लागते. मराठीतले शिक्षण-संशोधनाचे वर्तुळ लहान आहे आणि विषयावरून लेखक ओळखू येतो, म्हणून दोनपैकी एक समीक्षक तरी दुसऱ्या विद्यापीठातला असावा. मार्गदर्शक, सहलेखक, एकाच संस्थेतले सहकारी यांनी निबंध परत करावा. समीक्षकाने स्वतःचे लेख संदर्भांत घालायला लावणे आणि अप्रकाशित हस्तलिखित एआय चॅटबॉटमध्ये टाकून त्याच्याकडून अहवाल लिहून घेणे, या दोन सवयी संपादकांनी खपवून घेऊ नयेत.

सुधारित निबंधासोबत लेखकाने तीन रकान्यांचा तक्ता द्यायचा असतो : समीक्षकाचा मुद्दा, लेखकाचे उत्तर, बदल केलेले पान. प्रत्येक मुद्दा मान्य केलाच पाहिजे असे नाही. न पटलेला मुद्दा कारण देऊन नाकारणे हा लेखकाचा अधिकारच आहे आणि चांगले संपादक त्याचा मान राखतात. या साऱ्याला तीन ते सहा महिने सहज जातात. त्यामुळे अठ्ठेचाळीस तासांत आलेले स्वीकृतिपत्र आणि सोबत शुल्क भरण्याचा क्यूआर कोड दिसला की पुढचे सांगायला नको.

अहवालही खोटे तयार करता येतील, असा आक्षेप निघेल. येतील. पण नेमके प्रश्न विचारणारा खोटा अहवाल लिहायला निबंध वाचावाच लागतो. शिवाय समितीने पहिला पाठवलेला मसुदा आणि छापील निबंध शेजारी ठेवावेत. दोन्ही स्वल्पविरामासह सारखे असतील तर समीक्षा झालेली नाही. फाइलीला जाडी येईल ती चार-पाच कागदांची : निबंध पाठवल्याचा दिनांकित ईमेल, समीक्षकांची नावे झाकलेले दोन अहवाल, उत्तराचा तक्ता आणि अंतिम स्वीकृतिपत्र. २०१८ च्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात समीक्षकाच्या कामाला एकही गुण नाही. विद्यापीठांनी आपल्या स्तरावरील मूल्यमापनात तरी त्याची नोंद घ्यावी. अहवाल सक्तीचे करणारे परिपत्रक पदोन्नतीच्या पुढच्या फेरीआधी काढावे आणि आधी छापून आलेल्या निबंधांना ते लागू करू नये, नाहीतर प्रकरण न्यायालयात जाऊन अडकेल.

– शिक्षणशास्त्राच्या संशोधन नियतकालिकाचे काही समीक्षक, पुणे