घड्या मोज, मनू

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, चाचणीत '२ चा ५ वा घात' १० लिहिला आणि गुण गेले. मशीन चालू होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

दिवाळीच्या सुट्टीत दुकानात घड्या घालायला बसायचीस, आठवतंय? छापखान्यातून आलेला भलामोठा कागद. पहिली घडी, दोन थर. कागद फिरवून दुसरी, चार. तिसरी, आठ. कडा कापल्या की आठ पानं, दोन्ही बाजूंना छापलेली, म्हणजे सोळा पृष्ठं. झाला आपला सोळापानी फर्मा. तिसऱ्या घडीला 'दोन त्रिक सहा' असं तू एकदाही म्हणाली नाहीस. आठ थर बोटांखाली लागत होते ना!

२ च्या डोक्यावरचा तो बारीक आकडा गुणायला दिलेलाच नसतो. तो घड्या मोजतो. २³ मध्ये खालचा २ हा पाया, वरचा ३ हा घातांक: २ × २ × २. (मीही शाळेत ६ लिहून छडी खाल्लीय. आईला सांगू नकोस.)

आता त्याच आठ थरांवर आणखी दोन घड्या घाल. घड्या ३ + २ = ५, थर मात्र ८ × ४ = ३२. गुणाकारात घातांकांची बेरीज का करतात, ते एवढंच. पाया मात्र तोच हवा. पुढे बाई शून्य घातांक शिकवतील तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुली उत्तर ० देतील. तू टेबलावरचा न दुमडलेला कागद आठव. घडी एकही नाही, पण कागद आहेच की. १.

पाया १० घेतलास तर लाख म्हणजे ५ वा घात, कोटी ७ वा. लाखाला शंभराने गुणलं की कोटी, ५ + २. आजीच्या 'एकं, दहं, शतं'मधला शेवटचा परार्ध, तो १७ वा.

रद्दीचा पेपर सात वेळा दुमडून बघ. थर १२८ व्हायला हवेत, पण सहाव्या घडीलाच हात टेकशील.

आईने शेंगदाण्याची चटणी पाठवलीय. डब्याभोवतीचा कागद फेकू नकोस, वाया गेलेला फर्माच आहे. उलगडलास की १ ल्या पृष्ठाच्या शेजारी १६ वं दिसेल. परत दुमडून ती ओळीने लागतात का, ते कळव.

तुझा,
बाबा