आईच्या पायांविषयी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या डॉप्लर तपासणीचा (ध्वनिलहरींनी शिरांतले रक्त कसे वाहते ते पाहतात तिचा) अहवाल मी नीट वाचला. डाव्या पायाच्या खोल शिरांत आता नवी गुठळी नाही, मात्र जुन्या गुठळीने तेथील झडपा निकामी केल्या आहेत. संध्याकाळी पाय जड होणे, घोटा सुजणे, आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडणे, हे सारे त्यातूनच आले आहे. ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देणे मला मुळीच पटत नाही.

पायातले रक्त हृदयाकडे चढते ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात, खोल शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. स्थिर उभे असताना पावलाच्या शिरेतला दाब साधारण 80 ते 90 मिलिमीटर पारा असतो आणि निरोगी पायात चालू लागताच तो 30 च्या आसपास उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो चालतानाही पुरेसा उतरत नाही. त्या दाबाने पाणी आणि तांबड्या पेशी शिरांबाहेर झिरपतात, पेशींतल्या लोहाचे डाग कातडीवर उमटतात, आणि पुढे साधे खरचटलेलेही महिनोन्महिने भरत नाही.

म्हणून आई, डॉक्टरांनी दिलेले दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज चढण्याआधीच घालत जा. ते घट्ट होतात ही तुझी तक्रार खरी आहे, पण त्यांचा उपयोग त्या घट्टपणातच आहे. रोज चाल, आणि दुपारी आडवी झालीस की पाय छातीपेक्षा उंच ठेव. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी मनाने घेऊ नकोस. तिने झडपा सुधारत नाहीत.

बाबा, तुमचेही घोटे सुजतात म्हणून आईचे मोजे तुम्ही चढवू नका. तुम्हाला मधुमेह आहे, त्याने पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात, आणि धमन्यांतून रक्त कमी येत असेल तर बाहेरचा दाब अपाय करतो; त्यासाठी आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. शिवाय तुमच्या अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही घोटे सुजू शकतात. गोळी बंद न करता डॉक्टरांना तेवढे विचारा.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा धाप लागून छातीत दुखले, तर माझ्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.

तुमची लेक