आधी मीठ, मग गंज

आदरणीय मेस्तकाका,

सप्रेम नमस्कार.

गंजून बंद पडलेला माझ्याकडचा घडीचा चाकू तुम्ही पुन्हा चालता करून दिलात, पण पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच घेतलात आणि मी आभार मानायला तोंड उघडले तर "पुरे आता" म्हणत उठून गेलात. तोंडाने जे सांगता आले नाही ते म्हणून लिहून सांगतो आहे. चारचौघांत सांगण्याचे कारण एवढेच, की खाऱ्या पाण्याने गंजलेल्या सुऱ्या आणि कोयते आपल्या किनाऱ्यावर घरोघरी आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांच्यावर जो उपाय होतो तोच मीही करायला निघालो होतो.

चाकू माझा नव्हे, हे तुम्हाला तेव्हा सांगितले नव्हते. जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या थोरल्या भावाने तो मार्सेलहून आणलेला आहे. ओपिनेलचा 8 नंबरचा घडीचा चाकू, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचे पाते. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमारास हा घाट बसवला आणि पाते जागच्या जागी अडकवणारी फिरती कडी 1955 साली त्यात आली. पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे. त्यात सुमारे 0.9 टक्के कार्बन असतो, म्हणजे तुम्ही ज्या ट्रकच्या कमानपाट्यांपासून कोयते घडवत आलात त्यांच्याहूनही जास्त. न गंजणाऱ्या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागते, तसले काही यात नाही. म्हणूनच त्याला धार सुरेख चढते, आणि म्हणूनच तो ओलावा सहन करीत नाही.

मे महिन्यात ओहोटीच्या वेळी केरीच्या खडकांवर मी याच चाकूने कालवे फोडली. (कालवांना कोयती असते, खिशातला चाकू नव्हे, हे तुमचे बोलणे मी निमूटपणे ऐकून घेतले आहे.) नंतर तो ओल्या पिशवीतच राहिला, आणि ती पिशवी नऊ दिवस कोठीच्या खोलीत पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या, सामानाशेजारी पडून होती. बाहेर काढला तेव्हा मूठ फुगून पाते आत घट्ट बसले होते आणि खाचेच्या कडेने नारिंगी पाणी ओघळून सुकले होते.

बाजारातल्या एका दुकानदाराने शौचालय धुण्याचे आम्ल सुचवले होते आणि मी त्याची बाटली हातात घेऊनच तुमच्या अंगणात आलो होतो. ती तुम्ही काही न बोलता तुळशीपलीकडे नेऊन ठेवलीत. त्या आम्लात मिठातलाच क्लोराइड असतो, म्हणजे ज्याने पाते खाल्ले तेच मी त्याला पुन्हा पाजायला निघालो होतो, हे मला घरी आल्यावर उमगले.

मग तुम्ही कडी उघड्या बाजूला फिरवलीत आणि मुठीचा मागचा गोलवा उंबरठ्याच्या दगडावर दोनदा ठोकलात. दुसऱ्या ठोक्याला पाते नखात धरण्याइतके वर आले. काका, फ्रान्समध्ये या ठोक्याला साव्वाच्या लोकांच्या नावाने ओळखतात. तुम्हाला तो कोणी शिकवला हे विचारायचे राहूनच गेले.

पाते उघडताच मी पॉलिश पेपर काढला, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "आदीं मीठ काड, मागीर गंज." या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. गंज दिसतो म्हणून आपण गंजावर तुटून पडतो. पण त्याच्या फुगीर, सच्छिद्र थराखाली मीठ बसलेले असते, आणि ते तिथे असेतोवर वरून कितीही घासले तरी आठवड्याने तेच डाग त्याच जागी उगवतात. तुमची सासुरवाडी आगरवाड्याची, मिठागरांच्या कडेची. पावसाळ्यात मिठाच्या मडक्याला पाणी सुटते तसेच पात्यावरच्या मिठालाही सुटते, हे तुम्ही तिथल्या अनुभवाने सांगितलेत. नंतर मी वाचले, की हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढून घेते, आणि समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे 33 टक्केच पुरतात. आपल्याकडे आर्द्रता 33 च्या खाली जाणे दुर्मीळच. म्हणजे समुद्रात भिजलेले पाते, न धुता नुसते पुसून ठेवले, तर ते वाळल्यासारखे दिसते, वाळत मात्र नाही.

पाणी कुठले, हा तुमचा पुढचा प्रश्न मला आधी विचित्र वाटला. आमची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिचे पाणी मचूळ होते, हे मी विसरलो होतो, तुम्ही विसरला नव्हता. पहिल्या पावसाच्या पागोळ्यांचे साठवलेले पाणी तुम्ही कोमट केलेत, बारीक पक्कडीने कडी सैल करून काढलीत, पाते खाली धरून सांध्यावर धार सोडलीत आणि जुन्या दातांच्या ब्रशाने खाच घासलीत. मूठ बुडवली नाहीत, कारण लाकूड पुन्हा फुगले असते. चौथ्या पाण्याचा थेंब तुम्ही जिभेला लावून पाहिलात आणि "अजून आहे" म्हणालात. माझ्याने ते धाडस झाले नसते, पण पाचव्या पाण्यानंतर तुमची मान हलली तेव्हा मला फार बरे वाटले.

घासण्याचे काम त्यामानाने लवकर आटोपले. खोबरेल लावून पाते रात्रभर ठेवले. सकाळी 1000 नंबरचा पॉलिश पेपर बाटलीच्या बुचाला गुंडाळून, तेलातच, पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवला. गंज निघाल्यावर तुम्ही ते पुन्हा गोड्या पाण्याने धुवायला लावलेत, कारण थराखालचे मीठ आता कुठे उघडे पडले होते. खोल टिंबांवर माडाच्या सुरेच्या व्हिनेगरात भिजवलेली चिंधी दहाच मिनिटे ठेवलीत, पुढे खायच्या सोड्याचे पाणी, मग कोरडे फडके आणि शेवटी चुलीचा वैल. तिथेही हाताला सोसेल एवढीच ऊब, पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरेल इतकी नव्हे. मूठ दोन दिवस सावलीतच वाळवायला सांगितलेत.

माझा एक हट्ट तुम्ही मानला नाहीत, त्याबद्दलही आभारी आहे. टोकाजवळची पाच-सहा टिंबे आणि पाठीकडचा काळपट पट्टा घासून पाते लखलखीत करावे असे मला वाटत होते. पट्ट्यावरून तुम्ही पांढरे फडके फिरवून दाखवलेत. त्यावर काहीच आले नाही. तांबडा गंज फडक्याला लागतो आणि पुढे खात जातो, काळा थर घट्ट चिकटून राहतो आणि थोडीफार राखणही करतो, म्हणून तो राहू द्यायचा. टिंबांपायी सगळे पाते खरवडले तर पातेच उरणार नाही, धारेजवळची टिंबे दगडावर धार लावता लावता वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातील, असे तुम्ही म्हणालात. त्यातली दोन आताच पुसट झाली आहेत.

गेल्या महिन्यात हा चाकू आंब्याला, भेंड्यांना आणि एकदा सुरमईलाही लागला. काम झाले की गोडे पाणी, फडके आणि बोटभर खोबरेल, एवढे मी चुकवलेले नाही. सांध्यात मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडतो. पाते आता अंगठ्याच्या जोरावर उघडते.

भावाला फोनवर सगळे खरे सांगितले. तो रागावला नाही. त्याचा स्वतःचा तसलाच चाकू जहाजावर दोन वर्षे बंद पडून आहे, तोच चतुर्थीला घेऊन येतो, असे म्हणाला. पागोळ्यांचे पाणी मी दोन कळशा भरून झाकून ठेवले आहे. तुम्ही फक्त चव पाहायला या.

तुमचा ऋणी,
खाडीकाठचा शेजारी
केरी, पेडणे