चिनू, एक्सपोर्टचं बटण आधी तू स्वतः दाबून बघ

प्रिय चिनू,

परवा फोनवर तू सांगितलंस की टीममध्ये जाऊन थोडे दिवस होतायत तोवरच मोठं काम अंगावर आलं, ती जुनी फोटो-डायरीची सर्व्हिस बंद करायची आणि त्याचा लीड तू. मला इतका आनंद झाला की फोन हातात धरूनच बाबांना आतून बोलावलं. मग पुढे तू म्हणालास, "आई, बहुतेक युजर इनॅक्टिव्हच आहेत, मेल टाकायचा, तीस दिवस थांबायचं आणि उडवायचं." ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. तेव्हा बोलले नाही कारण मागून तुला कुणीतरी मीटिंगला हाका मारत होतं. म्हणून लिहितेय. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलेय, बघू कुठवर जमतं.

तुला आठवत नसेल, पण तू शाळेत जायच्या आधीपासून माझ्या मांडीवर बसून कॉम्प्युटर बघायचास. मॉडेमचा तो किर्र आवाज सुरू झाला की तू कान झाकायचास, आणि आजीने आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलला की नेट गेलंच. मी वेब शिकले ती सगळी व्ह्यू सोर्स करून, म्हणजे पानामागचा कोड उघडून. कुणाचं पान आवडलं की राइट क्लिक करायचं, सोर्स बघायचा, नोटपॅडमध्ये चिकटवायचा, दोन शब्द बदलायचे, सेव्ह, रिफ्रेश. कुणाची परवानगी लागायची नाही, कोर्स लागायचा नाही. टिम बर्नर्स-लीने 1989 मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत कल्पना मांडली आणि 30 एप्रिल 1993 ला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं केलं, त्या एका निर्णयामुळे माझ्यासारख्या घरात बसलेल्या बाईला जगाला दिसेल असं पान बनवता आलं. मला आजही त्याचं भारी वाटतं. तुझं नाव मार्की टॅगमध्ये, म्हणजे अक्षरं सरकवणाऱ्या कोडमध्ये, टाकलं आणि ते स्क्रीनवरून पळत गेलं तेव्हा तू ते पकडायला काचेवर हात ठेवलास. तोच हात आता लाखो लोकांच्या डेटाबेसवर आहे, म्हणजे बघ.

तुझ्यासाठी मी जे पान केलं होतं, निळ्या बॅकग्राउंडवालं, ज्यावर मागे चांदण्या हलायच्या, ते ज्या फुकट होस्टिंगवर होतं ती साइट एक दिवस उघडेनाशी झाली. संपलं. जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत सापडली, मी तुला ताईच्या लग्नाच्या वेळी दाखवली होती, पण तिथे मजकूर आहे आणि फोटोंच्या जागी सगळ्या तुटक्या चित्रांच्या चौकटी. क्रॉलरने, म्हणजे पानं गोळा करत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमने, पान उचललं, फोटो नाही उचलले. "चिनू आज पहिल्यांदा स्वतः उभा राहिला" असं लिहिलंय आणि खाली रिकामी चौकट. अर्थात जगातल्या पहिल्या वेबपेजची गतसुद्धा काही फार वेगळी नाही, ते पान बदलत राहिलं आणि अगदी सुरुवातीची आवृत्ती कुणी वेगळी ठेवलीच नाही, आपल्याला दिसते ती नंतरची प्रत. वेब बनवणाऱ्यांच्याच घरात असं झालं तर इतरांचं काय.

तर मुद्दा असा की एक्सपोर्ट, म्हणजे युजरला आपलं सगळं उतरवून घेता येणं. तू म्हणालास बटण आहे. बटण आहे हे मला पण कळतं रे, पण दाबून बघितलंस का? टेस्ट अकाउंटवर नको, तिथे फोटोच चारपाच असतात. ज्याने दहा वर्षं रोज फोटो टाकलेत अशा अकाउंटवर बघ. मोठी झिप मध्येच तुटते का, तुटली तर तिथून पुढे डाउनलोड होते का परत पहिल्यापासून, फोटो मूळ साइजचे येतात का तुमच्या सर्व्हरने बारीक केलेले, काढल्याची तारीख फाइलमध्ये राहते का सगळ्यांवर एक्सपोर्टचीच तारीख पडते. कॅप्शन आणि खालच्या कमेंट येतात का. कमेंट फार महत्त्वाच्या असतात, लोकांना वाटतं फोटो महत्त्वाचा, पण आजीने त्याखाली एका बोटाने टाइप करून जे लिहिलेलं असतं ना, ते दुसरीकडे कुठेच नसतं.

ऑर्कुट आठवतंय ना, ताई त्यावरच पडीक असायची. गुगलने 30 जून 2014 ला सांगितलं की 30 सप्टेंबरला बंद करतोय, आणि बंद झाल्यावरही टेकआउट या त्यांच्या डाउनलोडच्या सोयीतून फोटो, पोस्ट सगळं उतरवून घ्यायला सप्टेंबर 2016 पर्यंत मुदत ठेवली. ताईने ते शेवटच्या काही महिन्यांत केलं, तेही मी मागे लागले म्हणून. दोन वर्षांची मुदत होती म्हणून मिळालं, तीस दिवसांत तिचं कधी झालं असतं? आणि दुसरीकडे मायस्पेस बघ, लोक आपली गाणी टाकायचे ती साइट. सर्व्हर बदलताना 2003 पासून 2015 पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले, हे 2019 मध्ये सगळीकडे कळलं. पाच कोटींहून जास्त गाणी असतील असा अंदाज तेव्हा छापून आला होता. त्यातली साधारण 4 लाख 90 हजार परत मिळाली, ती का, तर काही अभ्यासकांनी कधीतरी आपल्या संशोधनासाठी उतरवून ठेवली होती आणि त्यांनी ती अर्काइव्हला दिली. गॅरेजमध्ये गिटार घेऊन बसलेल्या पोरांची पहिली गाणी होती ती. पुढे कुणी मोठं झालं असेल, कुणी गाणं सोडून दिलं असेल, पण पहिलं गाणं ते पहिलं गाणं.

लेक्चर सुरू झालं, मला कळतंय. रागावू नकोस. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, स्टोरेजचा खर्च, जुन्या सिस्टिमचे सिक्युरिटी पॅच कोण लावणार, ज्यांनी ते लिहिलं ती माणसं केव्हाच सोडून गेलीत, हे तू मला नीट समजावलंस आणि ते खरं आहे. सर्व्हिस बंद करू नका असं मी म्हणतच नाहीये. काहीच कायम चालत नाही. मी फक्त बंद कसं करायचं याबद्दल बोलतेय.

आणि खरं सांगू का, मला तुझी पण भीती वाटते, म्हणजे तुझ्यासाठी. रात्री दोनला थकलेला माणूस चुकीच्या टर्मिनलमध्ये कमांड टाकतो, असं होतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीत झालं होतं, रात्री उशिरापर्यंत रेप्लिकेशनचा, म्हणजे डेटाबेसची जिवंत प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याचा, घोळ निस्तरत बसलेल्या एका इंजिनिअरने डिरेक्टरी उडवली ती दुसऱ्या सर्व्हरची, चालू डेटाबेसची. सुमारे 300 जीबीमधले साडेचार उरले तेव्हा लक्षात आलं. बॅकअपचे चारपाच प्रकार होते, ऐनवेळी एकही धड कामाला येईना, शेवटी कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, मिळाला म्हणून निभावलं. त्या कंपनीने सगळं उघड लिहून टाकलं पण त्या माणसाचं नाव छापलं नाही, टीम मेंबर एक एवढंच लिहिलं. ते वाचताना मला त्याच्या आईचा विचार आला. रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही हे तुला मी सांगायला नको, इकडे उडवलं की तिकडे पण उडतं.

तू लहानपणी टॉय स्टोरी 2 ची कॅसेट किती वेळा लावायचास. तो सिनेमा 1998 मध्ये बनत असताना पिक्सारच्या सर्व्हरवर कुणीतरी डिलीटची कमांड चालवली आणि बघता बघता वुडीची टोपी गेली, मग बूट गेले, मग वुडीच गेला. कुणीतरी ओरडून मशीनची वायर काढायला लावली तोपर्यंत जवळजवळ सगळा सिनेमा साफ, आणि बॅकअप बघायला गेले तर तो महिनाभर नीट चालतच नव्हता. वाचला तो गॅलिन सुसमन नावाच्या टेक्निकल डायरेक्टरमुळे. तिला नुकतंच बाळ झालं होतं म्हणून ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या मशीनवर प्रत होती. ते मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीत पट्टा लावून, हळूहळू चालवत ऑफिसात नेलं. ही गोष्ट मी कुणालाही सांगायची संधी सोडत नाही. बाळ घरी होतं म्हणून सिनेमा वाचला.

असो. नंदूमामाबद्दल लिहायचं नव्हतं.

पण लिहितेच. तुम्ही दोघं त्याच्या मशीनवर फ्लॅशचे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे ते छोटे गेम खेळायचात, तो तुला चीट कोड सांगायचा आणि मला सांगू नकोस म्हणायचा. फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने बंद केलं तेव्हा मला वाटलं झालं, ते सगळं गेलं, पण त्याआधीच काही लोकांनी रफल नावाचा एम्युलेटर, म्हणजे फ्लॅशचं काम करणारा दुसरा प्रोग्रॅम, लिहायला घेतला होता आणि नोव्हेंबर 2020 पासून अर्काइव्हवर ते जुने गेम ब्राउझरमध्येच चालायला लागले. अनोळखी माणसांनी फुकट केलेलं काम. मामाचा तो गाडीवाला गेम तिथे आहे, मी खेळून बघितला, आवाजसुद्धा तोच. म्हणजे कुठल्यातरी कंपनीचा गेम वाचला आणि मामाचे स्वतःचे फोटो नाही वाचले. त्याची ती ट्रेकची आणि गौरीच्या लहानपणीची डायरी ज्या साइटवर होती त्यांनी बंद करताना मेल पाठवलाच होता, नियमाप्रमाणे. तो गेला मामाच्या इनबॉक्समध्ये. तो कोण वाचणार होतं? मामी तर ते पान अधूनमधून उघडून बघत होती, लिंक तिच्या फोनवर होती, त्या पानावर मात्र एका ओळीची सूचना नव्हती. एक दिवस उघडलं तर काही नाही. तुमच्या हिशोबात मामा इनॅक्टिव्ह युजर. मामी तर युजरच नाही, तिचं अकाउंटच नव्हतं.

म्हणून चिनू, मेलवर विसंबू नकोस. प्रत्येक पब्लिक पानावर वर मोठी पट्टी लाव, की हे अमुक तारखेला जाणार आहे, तुम्ही यांचे कुणी असाल तर इथे कळवा. ज्याचं पान आहे तो नसेल बघत, पण त्याचं कुणीतरी बघत असेल. आणि तुझ्याकडे लॉग आहेत ना, सर्व्हरवरच्या नोंदी? कोण लॉगिन करतं ते बघू नकोस, कुठली पानं अजून उघडली जातात ते बघ. ज्या अकाउंटमध्ये वर्षानुवर्षं कुणी आलं नाही पण पान मात्र दर महिन्याला एकाच घरातून उघडलं जातंय, असं एक जरी सापडलं तरी मला काय म्हणायचंय ते तुला कळेल.

अजून एक. आधी थोडे महिने नुसतं रीड-ओन्ली करून ठेवा, नवीन काही चढवता येणार नाही पण जुनं दिसेल. आणि अर्काइव्ह टीमसारखी, बंद होणाऱ्या साइट वाचवणारी मंडळी आली तर त्यांचे क्रॉलर ब्लॉक करू नका, हवं तर वेग कमी करा, पण आत येऊ द्या. म्हणजे जे सगळ्यांना दिसतंय तेवढंच, प्रायव्हेटला कुणी हात लावायचा नाही, तिथे मी पण तुमच्याच बाजूची. 2009 च्या एप्रिलमध्ये याहूने जिओसिटीज ही फुकट पानं ठेवायची साइट बंद करणार सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये केलं, तेवढ्या वेळात या लोकांनी मिळेल ते खेचून घेतलं आणि पुढच्या वर्षी टॉरेंट करून, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल असं, सगळ्यांना देऊन टाकलं. तेव्हाची ती चमचमणारी पानं, "काम चालू आहे"च्या पाट्या, पाहुण्यांच्या वह्या, लोक त्यांना हसतात. मला त्यात माणसं पहिल्यांदा मोकळेपणाने बोलायला लागलेली दिसतात.

आणि डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेचं तर तुला मामाने सांगितलंच असेल, बीबीसीने जुन्या टेप पुसल्या, शंभराच्या आसपास भाग गेले. चित्र गेलं पण आवाज प्रत्येक भागाचा आहे, कारण घरोघरी पोरांनी टीव्हीसमोर टेप रेकॉर्डर धरून ठेवले होते. मामा म्हणायचा मी तिकडे असतो तर मी पण धरला असता.

मॅनेजर नाही म्हणाला तर भांडू नकोस, नवीन आहेस. मुद्दे लिहून दे, पट्टी लावायला एक दिवसाचं काम आहे, रीड-ओन्लीला किती लागेल ते तुला माहीत. लिहून दिलेलं राहतं. त्यांनी ऐकलं तर उत्तम, नाही ऐकलं तर तू विचारलं होतंस एवढं तरी राहील. पण विचार. तुझ्यासारखा मुलगा त्या खुर्चीवर आहे याचं मला खरंच बरं वाटतं, दुसरं कुणी असतं तर मला कळलंही नसतं आणि कुणाला सांगताही आलं नसतं.

डिलीटचा जॉब चालवायची रात्र ठरली की कळव. मी फोन करणार नाही. त्या दिवशी दुपारी झोपून घे, एकट्याने चालवू नकोस, शेजारी कुणालातरी बसव आणि प्रत्येक कमांड एंटर करायच्या आधी त्याला मोठ्याने वाचून दाखव. झालं की एक मेसेज टाक, कितीही वाजले असले तरी.

बाबा बरे आहेत, गोळ्या वेळेवर घेतात, तू विचारत नाहीस पण सांगते.

तुझी,
आई

ता. क. झिप उघडून बघशील तेव्हा देवनागरीतल्या फाइलची नावं नीट येतात का तेही बघ, काही मशीनवर त्यांचे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं होतात. मामा सगळ्या फोटोंना मराठीतच नावं द्यायचा, तसे अजून बरेच जण असतील.