शिशाच्या कामातील पुरुषांसाठी रक्तातील शिशाची मर्यादा बदला: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगार मंत्री महोदय,

शिशाच्या कामासाठीच्या नियमांत गर्भवती स्त्रीचा उल्लेख असतो. बाप होऊ पाहणाऱ्या पुरुषाचा क्वचितच. कामगारांची तपासणी करणारे डॉक्टर आणि कारखान्यांतील हवा मोजणारे तंत्रज्ञ म्हणून आम्ही ही उणीव आपल्यापुढे ठेवत आहोत.

बॅटरीच्या जाळ्या ओतणे, प्लेटा कापणे-रचणे, जुन्या बॅटऱ्या फोडणे, जुना रंग खरवडणे या कामांत शिसे धुरातून आणि धुळीतून अंगात जाते. तिथून रक्तावाटे वृषणांपर्यंत. पिट्युटरी ग्रंथी आणि वृषणे यांच्यातील संप्रेरकांचा मेळ त्याने बिघडू शकतो. शिवाय शुक्राणूच्या डोक्यात डीएनए घट्ट गुंडाळणाऱ्या प्रोटामाइन प्रथिनातील जस्ताची जागा शिसे घेऊ शकते, मग ती गुंडाळी सैल पडते. हा दोष नेहमीच्या वीर्य तपासणीत दिसत नाही. संख्या आणि हालचाल 'नॉर्मल' आली म्हणून कामगाराला निर्धास्त करणे म्हणूनच चूक आहे.

रक्तात शिसे डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटरमागे) ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यावर शुक्राणूंची संख्या घटते, हे जुने ज्ञान आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१२ मध्ये १५ ते २० मायक्रोग्रॅमलाही वीर्यावर परिणाम होत असल्याचे पुरेसे पुरावे मान्य केले. तिथल्या १९७८ च्या नियमानुसार मात्र एका तपासणीत ६० किंवा लागोपाठच्या तपासण्यांची सरासरी ५० आल्यावरच कारखान्यातील माणसाला शिशापासून दूर हलवणे बंधनकारक होते. मूल हवे असलेल्या स्त्री-पुरुषांनी ३० च्या खाली राहावे, असे त्याच नियमाच्या परिशिष्टात लिहिले आहे. म्हणजे सल्ला ३० चा आणि सक्ती ५०-६० ला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ७० ची मर्यादा टप्प्याटप्प्याने १५ वर आणण्याचे ठरवले. आम्हीही १५ चीच मागणी करतो, स्त्री-पुरुष दोघांसाठी.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे पक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणून मूल हवे असलेल्या कामगाराला किमान तीन महिने आधी, पूर्ण पगारावर, शिशाविना काम मिळावे. पण रक्तातील शिसे महिनाभरात साधारण निम्मे होते, तर हाडांत साठलेले वर्षानुवर्षे पुन्हा रक्तात झिरपते. ज्याने दहा-पंधरा वर्षे हे काम केले आहे, त्याला तीन महिने पुरतीलच असे नाही. दिवस मोजून नव्हे, फेरतपासणीचा आकडा पाहून निर्णय व्हावा.

तपासणीचे रक्त शिरेतूनच घ्यावे, तेही हात साबणाने धुऊन. बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळते आणि आकडा खोटा फुगतो. आकडा उतरवण्यासाठी औषध देऊन माणसाला त्याच कामावर ठेवण्याची पळवाट तर नियमातच बंद व्हायला हवी. बाहेरून शिसे येतच राहते आणि औषधाचा त्रास वेगळा.

कारखान्यात कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे बंद व्हावे. दोन्हींमुळे बसलेली धूळ पुन्हा श्वासात येते. भट्टीवर धूर ओढणारी नळी हवी. साध्या कापडी रुमालाने हा धूर अडत नाही. कामाचे कपडे कारखान्यातच धुतले जावेत, नाहीतर ती धूळ घरी मुलांपर्यंत पोचते.

सुरुवात तपासणीच्या नमुना अर्जापासून करता येईल. त्यात 'येत्या वर्षात मूल हवे आहे का' हा ऐच्छिक प्रश्न पुरुषांनाही विचारावा आणि उत्तर मालकापर्यंत न जाता फक्त डॉक्टरकडे राहावे.

आपले,
व्यावसायिक आरोग्य क्षेत्रातील डॉक्टर व तंत्रज्ञ