टॅब मुलांना की बाईंना?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बालवर्गातल्या 'स्मार्ट' शिक्षणावर आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. मुलं टॅबवर किती रमतात, याचं लेखात भरभरून कौतुक आहे. रमतात, वादच नाही. चार वर्षांचं मूल गळक्या नळापाशीही तासभर रमतं. मी तेवीस वर्षं बालवर्गाला शिकवते आहे आणि मला पडणारा प्रश्न त्या लेखात कुठे सापडला नाही. टॅबवर उत्तर बरोबर आलं म्हणजे मुलाला ते आलं, असं धरायचं का?

आमच्या वर्गात टॅब येऊन तीन वर्षं झाली. 'लहान-मोठा' ओळखण्याच्या खेळात एका मुलीला रोज दहापैकी दहा. पडद्यावर फुलं उधळायची, टाळ्या वाजायच्या, आईच्या फोनवर शंभर टक्क्यांचा अहवाल जायचा. एकदा मी तिच्यासमोर लाकडी ठोकळ्यांचा माँटेसरी मनोरा ठेवला. दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. तिने हाताला येईल तो ठोकळा उचलून रचायला घेतलं. इवल्याशा ठोकळ्यावर भला मोठा ठेवला, सगळं धडाधड कोसळलं, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. टाळ्या वाजायची वाट बघत होती की काय, कोण जाणे.

मग मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि टॅब तिच्या हातात दिला. ती पडद्याला बोटच लावेना. नुसती टक लावून बसली. पाच-सहा सेकंदांनी दोन हत्तींपैकी एक किंचित हलला आणि हिने पटकन त्याच्यावर बोट ठेवलं.

"तुला कसं कळलं गं?"

"थांबलं ना बाई, की तो हलतो. मग दाबायचं."

मूल अडलं तर बरोबर चित्र हलवून दाखवायचं, ही त्या अ‍ॅपमधली सोय. ती या पोरीने कधीच हेरली होती, आणि आम्ही मोठी माणसं महिनोन् महिने तिचे अहवाल वाचून खूश होत होतो. मुलगी हुशार आहे, यात शंका नाही. फक्त लहान-मोठं तिला आलेलं नव्हतं.

ठोकळ्यांशी अशी लबाडी चालत नाही. दहा सेंटिमीटरचा घन एका सेंटिमीटरच्या घनाच्या हजारपट आकारमानाचा, म्हणजे लाकूड एकच असेल तर हजारपट जडही. एकाला दोन्ही हात लागतात, दुसरा चिमटीत मावतो. पडद्यावरचे दोन्ही हत्ती मात्र बोटाला सारखेच हलके. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. साधनानेच मुलाला त्याची चूक दाखवावी, हा त्यांच्या पद्धतीचा कणा आहे. त्यांच्या एका साधनात वेगवेगळ्या मापांचे लाकडी दट्टे आपापल्या खाचेत बसवायचे असतात. दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. बाईंनी 'चुकलं' म्हणायची गरज पडत नाही.

अक्षरांचंही तेच. पडद्यावर बोट कसंही फिरवा, यंत्र ती रेघ सावरून घेतं आणि 'क' देखणा उमटतो. कागदावरचा 'क' वाकडा येतो, कधी पोट फुगलेला, कधी शेपूट हरवलेली. पण कॅरिन जेम्स यांच्या 2012 सालच्या अभ्यासात वाचन न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचे मेंदू एमआरआयमध्ये पाहिले, तेव्हा वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते मुलांनी आधी स्वतः हाताने काढून शिकलेली अक्षरं बघताना. टंकून किंवा गिरवून शिकलेल्या अक्षरांनी तसा परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान होता, तरी माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे. म्हणून वाकडा 'क' खोडायला मी घाई करत नाही.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा. घरचा पडदाही त्या तासातच मोजायचा. त्यातला शाळेने किती खायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी यंत्रांच्या विरोधात आहे, असा समज मात्र होऊ नये. आमच्याकडे बोलता न येणारा एक मुलगा होता. टॅबवरचं चित्र दाबून तो 'आणखी' म्हणायला शिकला, तेव्हा वर्गातली सगळी मुलं 'आणखी, आणखी' ओरडत नाचली होती. त्याच्या हातून टॅब काढून घेणं हा अन्याय ठरला असता.

बाकीच्यांच्या बाबतीत मात्र वाटतं, यंत्र आधी बाईंच्या हातात द्यावं. मागच्या वर्षी पालकांना विचारून, गोष्टीच्या तासाला मी फोन रेकॉर्डिंगवर लावून खिशात ठेवला. घरी जाऊन ऐकलं आणि शरमले. "पिल्लू का रडत होतं?" असं मी विचारत होते आणि कुणी तोंड उघडायच्या आत "आई दिसत नव्हती ना!" असं स्वतःच सांगून मोकळी होत होते. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलंय की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि आपणहून बोलतात. हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. स्वतःच्या आवाजात ऐकेपर्यंत पटलं नव्हतं, इतकंच.

आता मी मनातल्या मनात आकडे मोजते. पहिल्यांदा थांबले तेव्हाची शांतता अगदी जीवघेणी वाटली. मग मागच्या रांगेतला, एरवी गप्प असणारा एक मुलगा म्हणाला, "त्याला झोप आली होती. आमची ताई पण झोप आली की रडते."

शाळेसाठी असं एखादं अ‍ॅप घ्यायचं ठरवणाऱ्यांना एकच विनंती. विक्रेत्याचं सादरीकरण बघून झालं की एखाद्या मुलाशेजारी दहा मिनिटं जमिनीवर बसा. ते खेळत असताना बोलू नका. त्याचं उत्तर बरोबर आलं की विचारा, "तुला कसं कळलं रे?" आणि तीन सेकंद थांबा.

आपली,
एक बालवर्ग शिक्षिका